जनुक तुटत नाही, गप्प होतं: ब्लड कॅन्सरचं हे गणित काय आहे?

परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल एप्रिल २०२४ मध्ये देशभर बातम्यांत होतं. आयआयटी मुंबईच्या साथीने तयार झालेल्या देशी कार-टी उपचाराचं तेव्हा राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते उद्घाटन झालं. पण हा उपचार बी-पेशींच्या कॅन्सरसाठी आहे. प्रौढांमध्ये जास्त आढळणारा तीव्र ब्लड कॅन्सर, म्हणजेच एएमएल, वेगळा आहे. त्यात गप्प झालेल्या जनुकांचा मोठा वाटा असतो.

जनुक गप्प कसं होतं?

शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत डीएनए सारखाच असतो. त्यातलं कोणतं जनुक वाचायचं आणि कोणतं बंद ठेवायचं, हे डीएनएवरच्या रासायनिक खुणा ठरवतात. मिथाइल ही त्यातलीच एक खूण. अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशींना परिपक्व करणारी जनुकं अशी बंद पडली, तर पेशी कोवळ्याच राहतात आणि वाढत सुटतात. एएमएलच्या साधारण पाचपैकी एका प्रौढ रुग्णात मिथाइलच्या खुणा लावणाऱ्या 'डीएनएमटी३ए' या जनुकातच बदल सापडतो.

मग ती जागी करता येतात का?

काही प्रमाणात, हो. अ‍ॅझासायटिडिन हे औषध मिथाइलच्या खुणा कमी करतं. कडक केमोथेरपी न झेपणाऱ्या रुग्णांवरच्या २०२० च्या चाचणीत नुसत्या अ‍ॅझासायटिडिनवर मध्यक (मीडियन) आयुष्य ९.६ महिने होतं. जोडीला व्हेनेटोक्लॅक्स दिल्यावर ते १४.७ महिने झालं. बहुतेकांसाठी हा कायमचा इलाज नाही, वाढलेली मुदत आहे.

एपीएल या उपप्रकाराचं चित्र मात्र आशादायक आहे. यात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक सदोष प्रथिन तयार होतं आणि ते जनुकांना कुलूप लावतं. 'अ जीवनसत्त्वा'पासून बनणारं एट्रा हे कुलूप उघडतं, तर आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, ते प्रथिनच नष्ट करतो. या जोडीने बहुतेक रुग्ण बरे होतात. अर्थात, हा सोमल हॉस्पिटलमध्ये मोजून शिरेतून देतात. घरगुती भस्म नव्हे.

मग धोका कुठे आहे?

पहिल्या काही दिवसांत. एपीएलमध्ये अचानक रक्तस्राव होऊन मृत्यू येऊ शकतो. म्हणूनच जनुकीय रिपोर्टची वाट न पाहता, नुसत्या संशयावरही एट्रा सुरू करावं, असं तज्ज्ञ सांगतात. लालबागच्या रुग्णाला परळ जवळ आहे, गडचिरोलीच्या रुग्णाला नाही. त्यामुळे हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, न हटणारा ताप दिसला, तर त्याच दिवशी साधी सीबीसी तपासणी करून घ्या. इथे औषध आहे. ते वेळेत मिळणं महत्त्वाचं.