मराठवाड्यात बघायला काय आहे? आधी आपण तरी बघितलंय का?

"वेरूळ-अजिंठा सोडलं तर तुमच्याकडं बघायला आहे काय? नुसतं माळरान अन् दुष्काळ!" पुण्या-मुंबईचे पाहुणे असं म्हणतात, त्याचं फार वाईट वाटत नाही. आपलीच माणसं मान डोलावतात, त्याचं वाटतं.

आपल्या बहुतेक भागात ना मोठे डोंगर, ना समुद्र. नजर जाईल तिथवर काळं रान, तूर आणि ज्वारी. पण मंडळी, याच सपाट रानाच्या जिवावर इथं दोन हजार वर्षांपूर्वी शहरं उभी होती. गोदाकाठचं पैठण ही सातवाहनांची राजधानी. तेरणाकाठचं तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात दोन्ही गावांची नावं आहेत. पैठणचे अकीक आणि तगरचं कापड गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोच बंदरात जायचं, असं त्यात लिहिलंय.

आज तेरला गेलात तर काय दिसेल? विटांचं त्रिविक्रम मंदिर. मूळचं ते बौद्ध चैत्यगृह असावं, असं अभ्यासक मानतात. गोरोबाकाकांचं मंदिर. आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय. गावात, शेतात सापडलेले मणी, नाणी, मातीच्या मूर्ती या माणसानं जपल्या म्हणून त्या आज आपल्याला दिसतात.

पुढं अंबाजोगाईला जा. 'विवेकसिंधू'कार मुकुंदराजांची समाधी तिथं, दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडीही तिथलीच. आणि डिसेंबर-जानेवारीत वेळा अमावस्येला लातूर-धाराशिवकडं कुणी शेतात बोलावलं तर नाही म्हणू नका. त्या दिवशी शहरं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याच्या कोपीपुढं बसून भज्जी, बाजरीची भाकरी आणि आंबील! हे कुठल्याच रिसॉर्टच्या मेनूत मिळायचं नाही.

आता मुद्द्याचं. पर्यटन म्हटलं की आपल्याकडं कोट्यवधींचा आराखडा, कमान आणि सेल्फी पॉइंट एवढंच सुचतं. तिकडं गावोगावच्या जुन्या मंदिरांना ऑइलपेंट फासला जातोय, कोरीव दगडावर टाइल्स बसताहेत, वीरगळ उकिरड्यात पडलेत. गावकऱ्यांना दोष देऊन काय उपयोग? या दगडाची किंमत त्यांना कुणी सांगितलीच नाही. बाहेरून चार माणसं मुद्दाम बघायला आली, हॉटेलात चहा-नाश्ता केला, माहिती विचारली, की गावही त्याच दगडाकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागतं.

म्हणून मागणी छोटीच करू. प्रत्येक जुन्या जागेवर वाचता येईल अशी मराठी पाटी. बायाबापड्यांना वापरता येईल असं स्वच्छतागृह. वेळेवर एसटी. आणि गावातल्याच दोन पोरापोरींना माहिती सांगायचं प्रशिक्षण, म्हणजे त्यांच्याही हाताला काम. यातलं काहीच कोट्यवधींचं नाही. ग्रामसभेत ठराव घ्या, झेडपी सदस्याला विचारा, आमदारालाही विचारा.

आणि या हिवाळ्यात लेकरांना घेऊन निदान एक गाव बघून या. आपणच गेलो नाही, तर पाहुण्यांना कोणत्या तोंडानं बोलवायचं?

तुमच्या तालुक्यातली अशी एक जागा कमेंटमध्ये लिहा. फोटो असेल तर टाका.