केसपेपरवरची पहिली ओळ

पॉवर प्रेसमध्ये अंगठा गमावलेला कामगार रात्री अपघात विभागात येतो, तेव्हा सोबत बहुधा सुपरवायझर असतो. ‘कसं झालं?’ असे मी कामगाराला विचारतो आणि उत्तर सुपरवायझर देतो, ‘डॉक्टर, घरी दारात हात सापडला.’ कामगार मान खाली घालतो. सरकारी रुग्णालयात हा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे.

या खोट्याची किंमत किती? कामामुळे इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्याने आले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अंगठा तुटल्यास कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे कायदा धरतो. कामगाराचे वय ३० आणि वेतन १५ हजार असेल, तर हिशेब असा : वेतनाचे ६० टक्के म्हणजे ९ हजार, त्याला वयाच्या २०७.९८ या गुणांकाने गुणायचे आणि त्याचे ३० टक्के काढायचे. सुमारे ५ लाख ६१ हजार रुपये होतात. ‘घरी’ या एका शब्दाने हा दावा डळमळतो.

मालक खर्चाला भितो, पण विमा त्यासाठीच असतो. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात २१ हजारांपर्यंत वेतन असणाऱ्यांना ईएसआय लागू होते. मालक वेतनाच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के. मग उपचार, कामावरील इजेत सुमारे ९० टक्के वेतन आणि कायमच्या अपंगत्वाचा मासिक लाभ महामंडळ देते. मालकाला वेगळी भरपाई द्यावी लागत नाही. म्हणजे नोंदणी असेल तर खोटे बोलण्याचे कारणच उरत नाही. लहान वर्कशॉपला विमा कंपनीची कामगार भरपाई पॉलिसी घेता येते. विमा नसेल तर सगळी रक्कम मालकाच्या खिशातून जाते. महिनाभरात दिली नाही, तर १२ टक्के व्याज आणि वर दंडही बसू शकतो.

कामगारांनी अपघात कुठे, कधी, कोणत्या यंत्रावर झाला हे स्वतः सांगावे आणि केसपेपर, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. आम्हा डॉक्टरांचेही कर्तव्य आहे. सुपरवायझरला दोन मिनिटे बाहेर थांबवावे आणि रुग्णाला विचारून त्याच्याच शब्दांत लिहावे. तुटलेला अंगठा दर वेळी जोडता येत नाही. खरी नोंद मात्र दर वेळी करता येते.