गुण न आल्यास बक्षीस!

परवा एक मधुमेही गृहस्थ दवाखान्यात आले. रक्तातील साखर चारशेच्या घरात! चौकशी केली तेव्हा कळले, दीड महिन्यापासून गोळ्या बंद आणि कसलेसे चूर्ण सुरू. त्यांनी खिशातून जाहिरातीचे कात्रण काढले : 'गुण न आल्यास दहा हजार रुपये रोख बक्षीस.' "डॉक्टरसाहेब, औषध खोटं असतं तर एवढी रक्कम कुणी लावली असती का?"

लावतात! इंग्लंडमध्ये १८९१ साली फ्ल्यूची साथ असताना 'कार्बोलिक स्मोक बॉल' नावाचा रबरी चेंडू विकला जात असे. त्याची नळी नाकाशी धरून चेंडू दाबायचा आणि आतली पूड हुंगायची. दिवसातून तीनदा, दोन आठवडे वापरूनही फ्ल्यू झाला तर १०० पौंड देऊ, त्यासाठी १००० पौंड बँकेत ठेवले आहेत, अशी कंपनीची जाहिरात होती. श्रीमती कार्लिल यांनी तो सुमारे दोन महिने नेमाने वापरला. जानेवारी १८९२ मध्ये त्यांना फ्ल्यू झालाच! कंपनी म्हणाली, ती नुसती जाहिरातबाजी होती. अपील न्यायालयाने ते मानले नाही. शब्द जाहीरपणे दिला, बाईंनी अट पाळली, म्हणजे करार झाला; पैसे द्या.

आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे कलम ८ हेच सांगते : प्रस्तावातील अट पुरी करणे म्हणजेच तो स्वीकारणे. मात्र बक्षिसाची माहिती आधी हवी, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९१३ साली लालमन शुक्ला खटल्यात ठरविले. शिवाय मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायलाच आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

तेव्हा फसवणूक झाली असेल तर कात्रण आणि पावती जपून ठेवा, वकिलाचा सल्ला घ्या, तक्रार करा. दिलेला शब्द पाळायला लावलाच पाहिजे. पण माझे स्पष्ट मत असे, की बक्षीस हा औषधाच्या गुणाचा पुरावा नव्हे. खटला हरल्यावर त्याच कंपनीने २०० पौंडांची नवी जाहिरात दिली, फक्त अटी वाढविल्या! दावा करणारे थोडेच निघतात, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

कोर्ट पैसे मिळवून देईल. साखरेने गेलेली दृष्टी किंवा निकामी झालेली मूत्रपिंडे नाही. वाचकहो, जाहिरात वाचून चालू गोळ्या कधीही बंद करू नका. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.