नक्कल आधी नव्हती काय?

‘चॅटजीपीटीने पोरं बिघडवली’ हे वाक्य प्राध्यापक मंडळींच्या तोंडी हल्ली उठता-बसता ऐकू येते. चॅटजीपीटी आले ३० नोव्हेंबर २०२२ ला. त्याआधी आपल्या विद्यापीठांत स्वतंत्र विचारांचे पूर वाहत होते काय? कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सवाल्याला विचारा. जुन्या नोट्स, गाइड, बी.एड.ची तयार पाठटाचणे, सगळे विकत मिळत होते. तेव्हा कुणाचा शैक्षणिक दर्जा धोक्यात आला नाही.

उर्दू माध्यमातून आलेली मुलगी घ्या. शाळेत ती ‘तवानाई’ आणि ‘ज़ियाई तालीफ़’ शिकलेली असते. कॉलेजात एकदम ‘एनर्जी’ आणि ‘फोटोसिंथेसिस’ समोर येतात. विषय तिला येतो, शब्द येत नाहीत. वर्गात विचारले की मागच्या बाकावर हसू फुटते, आणि खासगी क्लासची फी घरच्यांना झेपत नाही. चॅटबॉटला तीच गोष्ट रात्री अकरा वाजता, पाचव्यांदा, उर्दू-मराठी मिसळून विचारता येते. तो वैतागत नाही. (आपण वैतागतो, हे मान्य करू या.) प्राध्यापकांनाही एकाच धड्यावर सोपे-अवघड प्रश्न काढणे, सोप्या मराठीत टिपण करणे ही कामे झटपट उरकता येतात.

तो थापा मारतो हेही खरे. कुणाचाही शेर ग़ालिबच्या नावावर खपवतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी त्याने रचलेले खोटे निवाडे कोर्टात दिले आणि ५,००० डॉलर दंड भरला. मग वर्गात त्याचेच उत्तर फळ्यावर लिहा आणि मुलांना चुका शोधायला लावा. त्यासाठी पुस्तक उघडावेच लागेल.

पण काहींना हवे आहे ते ‘एआय पकडणारे’ सॉफ्टवेअर. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात साधने तपासली. परभाषिक विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या ९१ टोफेल निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक त्यांनी यंत्राचे ठरवले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सुटले. ओपनएआयने स्वतःचे असे साधन त्याच वर्षी जुलैत मागे घेतले. म्हणजे ज्याची इंग्रजी मोजक्या, पाठ्यपुस्तकी शब्दांची, तो चोर. आमच्या वस्तीतली पोरे नेमकी तशीच इंग्रजी लिहितात.

शंका असेल तर मुलाला दहा मिनिटे समोर बसवा आणि तोंडी विचारा. ‘वर्गात ऐंशी मुले, वेळ कुठून आणू?’ असे म्हणाल. प्रश्नपत्रिका आणि अहवालांत वाचलेला वेळ त्यासाठीच तर आहे, सर.