संगणकाच्या गोष्टी : पासिंग कधीपर्यंतचं?

बालमित्रांनो, आज आधी एका टॅक्सीची गोष्ट ऐका. संगणकाच्या सदरात टॅक्सी कुठून घुसली, असं म्हणाल. जरा धीर धरा, तीच आपल्याला लॅपटॉपच्या दुकानात नेऊन सोडणार आहे.

मुंबईची जुनी काळी-पिवळी टॅक्सी तुम्ही चित्रपटात तरी नक्कीच पाहिली असेल. तिचं नाव प्रीमियर पद्मिनी. ती आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. १९६४ पासून या जातीच्या गाड्या मुंबईत टॅक्सी म्हणून धावू लागल्या. तेव्हा तिला सगळे फियाटच म्हणत. साधं इंजिन, सुटे भाग कुठेही मिळणार आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिकही दुरुस्त करू शकणार. म्हणून ती वर्षानुवर्षं टिकली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आर.टी.ओ.त २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

आता गंमत बघा. त्या दिवशी तिचं इंजिन काही बंद पडलं नव्हतं. चाकंही गळून पडली नव्हती. फक्त 'पासिंग' संपलं होतं.

लॅपटॉपचंही अगदी असंच असतं. पत्रा चकचकीत असतो, पडदा लखलखीत असतो, पण पासिंग संपलेलं असतं. आणि हे पासिंग ठरवते ती त्याची ऑपरेटिंग सिस्टिम.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कोण?

टॅक्सीत इंजिन आहे, चाकं आहेत, पेट्रोलही आहे. पण ड्रायव्हरच नसेल तर? गाडी जागची हलणार नाही. लॅपटॉपमधले प्रोसेसर, मेमरी, कीबोर्ड, पडदा हे झाले गाडीचे भाग. त्यांना कामाला लावणारी मुख्य प्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. ती झाली ड्रायव्हर. तुम्ही उघडता ते चित्रांचे, लिखाणाचे, खेळाचे प्रोग्रॅम हे झाले प्रवासी.

ड्रायव्हर मात्र निरनिराळे असतात. मायक्रोसॉफ्टची विंडोज, ॲपलची मॅकओएस, गुगलची क्रोमओएस आणि कोणालाही फुकट घेता येणारी लिनक्स.

या प्रणालींमध्ये अधूनमधून फटी सापडतात. चोर त्याच फटींतून आत शिरतात. म्हणून प्रणाली बनवणारे लोक त्या बुजवण्यासाठी 'अपडेट' पाठवत राहतात. पण कायमचे नाही! ठरावीक दिवसानंतर अपडेट येणं थांबतं. तो दिवस म्हणजे पासिंग संपल्याचा दिवस. लॅपटॉप त्यानंतरही चालतो. पण त्यावर बँकेचे व्यवहार करणं म्हणजे ब्रेक न तपासता घाटात गाडी घालणं.

विंडोज १० चंच पाहा. ती आली २९ जुलै २०१५ रोजी आणि तिचा नेहमीचा पाठिंबा संपला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. घरगुती वापरासाठी नावनोंदणी करणाऱ्यांना कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर केली. मग सरळ विंडोज ११ घालावी, तर त्यासाठी लॅपटॉपमध्ये सुरक्षेची एक विशिष्ट सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. साधारण २०१७-१८ च्या आधी बनलेले बहुतेक लॅपटॉप त्या परीक्षेत नापास होतात.

स्वस्त कोणतं, महाग कोणतं?

समजा, कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या एका मुलीची दहावी झाली. अकरावीला लॅपटॉप हवा. दुकानात नवा लॅपटॉप आहे ४०,००० रुपयांचा. शेजारच्या गल्लीत २०१६ सालचा जुना लॅपटॉप मिळतोय १२,००० रुपयांना, विंडोज १० घातलेला. आई म्हणते, "जुना घेऊ, २८,००० वाचतील." बाबा म्हणतात, "घ्यायचा तर नवाच घेऊ, एकदाच काय तो खर्च." तुम्ही काय सांगाल?

पाटी-पेन्सिल घ्या. नवा लॅपटॉप ८ वर्षं सुरक्षित चालला, तर वर्षाला ५,००० रुपये पडले. जुना विंडोज १० वरच ठेवला आणि एका वर्षात त्याचं पासिंग संपलं, तर वर्षाला पडले १२,००० रुपये. म्हणजे स्वस्त वाटलेला लॅपटॉप दुपटीहून महाग पडला!

पण थांबा. त्याच जुन्या लॅपटॉपमध्ये ड्रायव्हर बदलला तर? लिनक्सची उबुंटू नावाची एक आवृत्ती आहे. तिचा २४.०४ हा क्रमांक म्हणजे २०२४ सालचा चौथा महिना. तिला ५ वर्षं, म्हणजे २०२९ पर्यंत नेहमीचे अपडेट मिळणार आहेत. त्यानंतरची आवृत्तीही फुकटच. लॅपटॉपमध्ये जुनी हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एसएसडी बसवावी आणि मेमरी ८ जीबी करावी. समजा, यासाठी ४,००० रुपये लागले. १६,००० रुपयांत ४ वर्षं निघाली, तर वर्षाला पडले ४,००० रुपये.

तेव्हा किंमत विचारल्याबरोबर दुसरा प्रश्न विचारायचा: "याला अपडेट कधीपर्यंत मिळणार?" आणि किमतीला तेवढ्या वर्षांनी भागायचं. अट एकच, आपलं काम त्या ड्रायव्हरला जमलं पाहिजे.

आधी काम, मग ड्रायव्हर, मग गाडी

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरी बसून कामांची यादी करा.

वाणिज्य शाखेत जाऊन टॅली शिकायचंय? पुढे ऑटोकॅडवर आराखडे काढायचेत? तर बिनदिक्कत विंडोज घ्या. टॅली विंडोजसाठीच बनलेली आहे आणि ऑटोकॅडची लिनक्ससाठी आवृत्ती नाही. तिथे लिनक्सचा हट्ट धरणं म्हणजे बेस्टच्या बसने एलिफंटाला जायला निघणं.

प्रकल्प लिहिणं, तक्ते करणं, व्हिडिओ पाहून अभ्यास करणं, पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिणं, चित्रं काढणं, एवढंच काम असेल तर लिनक्स झकास चालते.

सगळं काम इंटरनेटवरच होत असेल तर क्रोमबुकही चालतं. २०२१ पासून आलेल्या क्रोमबुक मॉडेलांना १० वर्षं अपडेट देण्याचं गुगलने जाहीर केलंय. पण ही १० वर्षं तुम्ही विकत घेतल्या दिवसापासून मोजत नाहीत, ते मॉडेल निघाल्यापासून मोजतात. तेव्हा जुनं क्रोमबुक घेताना तारीख पाहा.

मॅकओएस फक्त ॲपलच्याच यंत्रांसाठी असते. ती यंत्रं टिकाऊ असतात, पण महाग. शिवाय बहुतेक नव्या मॉडेलांत मेमरी नंतर वाढवता येत नाही. जी घ्यायची ती पहिल्याच दिवशी.

"पण पोरगी मागे पडली तर?"

पालकहो, आता दोन शब्द तुमच्याशी. तुमच्यापैकी अनेकांनी एमएस-सीआयटी केलं ते विंडोजवर. साहजिकच वाटतं, की मुलगी लिनक्सवर शिकली तर नोकरीत अडेल. काळजी रास्त आहे, पण जरा आजूबाजूला पाहू या.

केरळमधल्या सरकारी शाळांनी २००० नंतरच्या दशकातच संगणकाचं शिक्षण लिनक्सवर नेलं. तिथल्या लाखो मुलांनी दहावीपर्यंतचं संगणकशिक्षण त्यावरच घेतलं. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्याशा गावी २००७ साली शाळेतल्या मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप दिले गेले होते. त्यांतही लिनक्सच होती. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने त्याच वर्षी 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स आणली. इतकं कशाला, तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन घ्या. त्याच्या पोटातही लिनक्सचंच इंजिन आहे. आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सगळ्यांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो!

ही लिनक्स सुरू केली ती एका विद्यार्थ्याने. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीर केलं, की मी हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी तिला हातभार लावला.

आणि शिकवायला कोण, असं विचाराल तर उत्तर कुर्ल्याच्या शेजारीच आहे. पवईच्या आय.आय.टी. मुंबईने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचे धडे तयार केले आहेत. लिनक्स, लिब्रे ऑफिस, पायथॉन असे विषय त्यांत आहेत, बरेचसे धडे मराठीतूनही आहेत आणि तेही फुकट. गियरची गाडी चालवायला शिकलेला माणूस दुसरी गाडी हातात आली तर घाबरत नाही. फाइल कुठे ठेवली, तक्त्यात सूत्र कसं घातलं, चूक कशी शोधली, हे ज्ञान एका प्रणालीवरून दुसरीवर बरोबर येतं.

भंगाराचा हिशेब

कुर्ला-साकीनाका भागात भंगाराचे कितीतरी गाळे आहेत. जुने संगणकही तिथे येतात आणि सुटे होतात. आतल्या डागकामात बऱ्याचदा शिसं असतं. तांबं काढायला कुणी वायरी जाळल्या, तर तो धूर आधी जाळणाऱ्याच्याच छातीत जातो, मग वस्तीच्या. धडधाकट लॅपटॉप केवळ पासिंग संपलं म्हणून तिथे पाठवायचा आणि शेजारच्याच वस्तीत एखाद्या मुलाने लॅपटॉपवाचून राहायचं, हे काही शहाणपणाचं नाही. ड्रायव्हर बदलून बघावा. अगदीच मोडला असेल, तर नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा.

दुकानात गेल्यावर

हे प्रश्न वहीत लिहून न्या.

१. यात कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि ती बिलावर लिहून द्याल का?

काही वेळा दुकानदारकाका म्हणतात, "डॉसचं मशीन घ्या, स्वस्त पडेल. विंडोज मी टाकून देतो." परवान्याचे पैसे बिलात नसतील, तर ती बहुधा चोरीची प्रत. चोरीच्या प्रतीत चोरच लपलेला असला तर तक्रार कोणाकडे करणार? डॉसचं मशीन जरूर घ्या, पण त्यावर एकतर विकतची विंडोज घाला, नाहीतर फुकटची लिनक्स.

२. मेमरी किती आणि पुढे वाढवता येईल का?

मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि एसएसडी म्हणजे फडताळ. ओटा लहान असला, की एका वेळी एकच भांडं मावतं. आज निदान ८ जीबी घ्यावी. काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच डागलेली असते, मग वाढवता येत नाही.

३. बॅटरी बदलून मिळते का आणि दुरुस्ती कुठे होते?

४. जुना असेल तर तासभर चालवून बघू का?

कीबोर्डचं प्रत्येक बटण दाबा, बिजागऱ्या हलवा, कॅमेरा, आवाज, वाय-फाय तपासा. चार्जर काढून बॅटरी किती वेळ टिकते, ते पाहा. बिल घेतल्याशिवाय जुना लॅपटॉप घेऊ नका, चोरीचा निघाला तर पंचाईत.

या आठवड्याचा उद्योग

घरातल्या किंवा शाळेतल्या विंडोजच्या संगणकावर मोठ्यांना विचारून 'सेटिंग्ज' उघडा. त्यात 'सिस्टिम' आणि मग 'अबाउट' वर जा. तिथे विंडोजची आवृत्ती, मेमरी आणि प्रोसेसर लिहिलेला असतो. तो वहीत उतरवा आणि त्याचं पासिंग कधी संपतं, ते शोधा.

ज्यांना आणखी पुढे जायचंय, त्यांनी घरातल्या दादा-ताईच्या मदतीने निदान ८ जीबीच्या एका रिकाम्या पेनड्राइव्हवर लिनक्स उतरवून घ्या. संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करता येतो. आतलं काहीही न पुसता लिनक्स चालवून बघता येते. फक्त 'इन्स्टॉल' हे बटण दाबायचं नाही! वाय-फाय लागतंय का, आवाज येतोय का, मराठी टाइप होतंय का, ते तपासा. नाही आवडलं तर संगणक बंद करा, पेनड्राइव्ह काढा, सगळं पूर्वीसारखं. आवडलं आणि कायमचं घालायचं ठरलं, तर मात्र आधी सगळे फोटो आणि फाइली दुसरीकडे उतरवून ठेवा.

आणि हो, लॅपटॉप घ्यायला आई-बाबांबरोबर तुम्हीही जा. पैसे ते मोजतील. पासिंग कधीपर्यंतचं, हे विचारायचं काम तुमचं.