विश्लेषण : लस असूनही मेंढ्यांचा ‘नीलजिव्हा’ रोग युरोपभर का पसरला?

सप्टेंबर २०२३मध्ये नेदरलँड्समधील मेंढ्यांना ‘ब्लूटंग’ म्हणजेच नीलजिव्हा रोग झाल्याचे आढळले. तिथून तो बेल्जियम, जर्मनी, ब्रिटन, फ्रान्सपर्यंत पोहोचला. या रोगावर अनेक वर्षांपासून लसी आहेत. मग अडले कुठे? आणि आपल्याकडच्या मेंढपाळांनी यातून काय घ्यायचे?

रोग पसरतो कसा?

हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याला सहसा थेट होत नाही. क्युलिकॉइडिस नावाची, जेमतेम १ ते ३ मिलिमीटरची चावणारी चिलटे तो पसरवतात. ओली माती, चिखल, शेण अशा जागी ती वाढतात. त्यांतील फक्त मादी रक्त पिते. वाऱ्यासोबत ही चिलटे समुद्रही ओलांडतात. त्यामुळे जनावरांची वाहतूक थांबवली तरी प्रसार फक्त मंदावतो.

लक्षणे कोणती?

मेंढीला ताप येतो, तोंड सुजते, तोंडात व्रण होतात, नाक वाहते, पाय लंगडतात. जीभ निळी पडतेच असे नाही. गाई-म्हशींमध्ये अनेकदा काहीच दिसत नाही, पण विषाणू त्यांच्या रक्तात काही आठवडे राहू शकतो. चिलटांना तो तिथूनही मिळतो.

लस का कमी पडली?

या विषाणूचे दोन डझनांहून अधिक प्रकार आहेत. एका प्रकारावरची लस दुसऱ्यापासून सहसा वाचवत नाही. २००६मध्ये उत्तर युरोपात प्रकार ८ आला होता. २००८पासून मोठ्या प्रमाणावर लसीकरण झाल्यावर तो मागे हटला. २०२३मध्ये आला प्रकार ३, आणि त्यावर युरोपात मान्यताप्राप्त लसच नव्हती. २०२४मध्ये नव्या लसींना तातडीची परवानगी मिळाली. तोवर विषाणूने हिवाळा काढला होता आणि उन्हाळ्यात साथ पुन्हा भडकली.

महाराष्ट्राशी संबंध काय?

भारतात या रोगाची पहिली नोंद १९६४मध्ये महाराष्ट्रातच झाली. पावसाळ्यात आणि त्यानंतर चिलटे वाढतात, तेव्हा दक्षिणेकडील राज्यांतही साथी येतात. देशात १, २, १०, १६ आणि २३ या पाच प्रकारांवर एकत्रित लस तयार झाली आहे. मात्र भारतात याहून अधिक प्रकार आढळले आहेत. कळपासोबत रोज मैलोन् मैल चालावे लागणाऱ्या मेंढीचे पाय गेले, तर ती वाचूनही मेंढपाळाचे नुकसान टळत नाही.

म्हणूनच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पावसाळ्यापूर्वी लस टोचून घेणे आणि साथ दिसताच नमुने तपासून विषाणूचा प्रकार ओळखणे, या दोन्ही गोष्टी हव्यात. प्रकारच माहीत नसेल, तर योग्य लस निवडणार कशी?

माणसाला धोका आहे का?

नाही. हा रोग माणसाला होत नाही. दूध किंवा मटणातूनही तो येत नाही. त्यामुळे तशी भीती घालणारे मेसेज पुढे पाठवू नयेत.