तिच्या माफीत मुकादमाचं काय काम?

दसरा जवळ आला की आमच्या युसूफ वडगावात नवरा-बायकोची भांडणं भराभर मिटवली जातात. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघायचं असतं. तिथं जोडप्याचा मिळून एक कोयता, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तीही त्या कोयत्यावरच. बाईनं पोलिसात तक्रार दिली की कोयता मोडला. घेतलेली उचल फेडायची कुठून? म्हणून समेटाच्या बैठकीला भावकीबरोबर उचल देणारा मुकादमही येऊन बसतो.

अशाच एका बैठकीत मी होते. बाईच्या डाव्या हाताला प्लॅस्टर. सासूनं पदर पसरला, "एवढ्या बारीनं पोटात घाल, माय." तिनं खाली बघत मान हलवली आणि लगेच कुणीतरी चहा सांगितला. तिच्या आईनं मला बाजूला घेतलं. "नाही म्हणली असती तर रातच्याला कुठं नेली असती तिला, ताई? घरात भाऊजय आहे."

अशी माफी मला मान्य नाही. कायद्यालाही नाही. पत्नीच्या छळाचा गुन्हा (पूर्वीचं ४९८-अ, आता न्याय संहितेचं कलम ८५) आपल्या राज्यात आपसात मिटवता येत नाही. रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. खून, बलात्कार तर तडजोडीनं रद्द करू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये ग्यानसिंग खटल्यात बजावलं. तरी कागद होतातच. जळगावच्या एका शाळकरी मुलीच्या बलात्कार प्रकरणात तिच्या निरक्षर आईकडून ५०० रुपयांच्या स्टँपवर 'संमती होती' असं लिहून घेतलं होतं. आरोपीला मिळालेला अटकपूर्व जामीन औरंगाबाद खंडपीठानं फेब्रुवारी २०२१ मध्ये रद्द केला. पुढच्याच महिन्यात त्याच आरोपीला सर्वोच्च न्यायालयात विचारणा झाली, तिच्याशी लग्न करणार का? त्या मुलीला काय हवंय, हा प्रश्न आधी यायला हवा होता.

सरकारची माफीही तशीच. गुजरात दंगलीत सामूहिक बलात्कार झालेल्या बिल्किस बानोच्या गुन्हेगारांना १५ ऑगस्ट २०२२ ला गुजरात सरकारनं सोडलं, तिला न विचारता. खटला मुंबईत चालला होता, म्हणून तो अधिकार गुजरातचा नव्हताच, असं सांगत सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२४ मध्ये त्यांना परत तुरुंगात धाडलं.

बाईनं माफ करूच नये असं मी म्हणत नाही. आमच्या गल्लीतली एक जण दीड वर्ष माहेरी राहिली, शिलाई मशीनवर पोट भरलं, घराच्या नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरनोंदीवर, आपलं नाव लावून घेतलं आणि मगच नवऱ्याला उंबऱ्याच्या आत घेतलं. तिला नाही म्हणता येत होतं, तरी ती हो म्हणाली.

म्हणून समेटाचा कागद आला की न्यायाधीशांनी बाईला एकटीला आत बोलवावं. उचल किती, ती कुणी घेतली, आज मुक्काम कुठं, हे विचारावं. विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील कुठल्याही बाईला मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तो आधी द्यावा. मुकादमाला बैठकीत जागा नको. आणि गुन्हा रद्द करायची घाई नको. हंगाम संपून ती गावी परतली की तिला पुन्हा एकदा विचारावं.